पुढचा अंक न मिळालेल्या गोष्टी

दिवाळीच्या सुट्टीपासून आजवर माझी चार पुस्तकं वाचून झाली. दोन खरी आणि दोन खोटी. खरी म्हणजे ज्यात कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं, केलेलं, भोगलेलं लिहिलेलं असतं ती. खोटी म्हणजे रहस्यकथा. ही विभागणी माझी नाही, धुळ्याच्या माझ्या एका शेजारणीची आहे. शास्त्रशुद्ध नसली तरी कपाट लावायला ती बरी पडते.

पहिलं खरं पुस्तक विहिरींवरचं. लिहिणारे गृहस्थ पाण्याच्या खात्यात नोकरीला होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गावोगावच्या विहिरींची हकीकत लिहून काढली. भाषा सरकारी आहे. ‘सदर विहीर’ हे शब्द इतक्या वेळा येतात की नंतर नंतर ते एखाद्या माणसाचं नाव असावं असं वाटू लागतं. पण पुस्तक मला आवडलं. फैजपूर-यावलकडच्या केळीच्या बागांसाठी विहिरी कशा खोल खोल जात चालल्या आहेत, हे त्यांनी कुठेही आवाज न चढवता सांगितलं आहे. आपले अंदाज जिथे चुकले तेही त्याच आवाजात. दुसरं पुस्तक एका नर्सबाईंच्या आठवणींचं. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यात बाळंतपणं आहेत, साथी आहेत, आणि डॉक्टर रजेवर असताना काय काय करावं लागतं ते आहे. शेवटची दोन प्रकरणं सत्कार-समारंभांची आहेत, ती मी चाळली.

खोट्या पुस्तकांपैकी एकात कोकणातली खानावळवाली गुन्हेगार शोधून काढते. जेवणाऱ्यांनी ताटात काय टाकलं यावरून तिला माणसं कळतात. दुसऱ्यात गायनाच्या क्लासात खून होतो. तो कुणी केला हे मला अर्ध्याच्या आत कळलं होतं, तरी मी पुस्तक पुरं केलं. या जातीच्या रहस्यकथांना मी घरगुती म्हणते. त्यांत खून होतो, पण कुणाची चहाची वेळ चुकत नाही. रक्त आलंच तर सतरंजीवर एवढासा डाग असतो आणि तोही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. दिवसभर भूगोलाच्या वह्या तपासल्यावर असं पुस्तक हातात घेतलं की डोकं हलकं होतं.

वयाची पस्तिशी येईपर्यंत मी रहस्यकथा वाचत नव्हते. वाईट म्हणून नव्हे, वेळ वाया जातो म्हणून. त्या मी वाचायला लागले त्याला कारण माझी मोडलेली नडगी.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहायचो. मी तिथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. नवरा पाटबंधारे खात्यात होता, त्याची नेमणूक चाळीसगावची. रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. एप्रिल संपता संपता परीक्षा झाल्या तशी मी मुलीला जळगावला माझ्या आईकडे पोचवायला गेले. परत येताना धुळ्याच्या स्टँडवर एस.टी.तून उतरले ती पायरी सोडूनच. पिशवीत आईने दिलेली वांगी होती. ती सगळ्या फलाटावर पसरली, आणि लोक आधी वांगी गोळा करायला धावले. मी तिथेच बसून राहिले. पाय मोडला आहे हे मला समजलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी झाल्यासारखं वाटत होतं.

मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, शाळा उघडेपर्यंत जिना उतरायचा नाही. आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं, एक खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची. खाली पुढच्या बाजूला घरमालकीण अक्का राहायच्या. त्यांचा मुलगा-सून शिरपूरकडे शेती बघायचे आणि अक्का इथे भाडेकरूंवर लक्ष ठेवायच्या. मागच्या दोन खोल्यांत एक मुसलमान कुटुंब होतं. घरधन्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींची रीघ लागायची, त्यामुळे तो माणूस आम्हाला दिसायचाच नाही. त्याच्या बायकोला सगळी गल्ली भाभी म्हणायची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. थोरला मुलगा सुरतेला कामाला आणि दोन मुली लग्न होऊन मालेगावला. तोपर्यंत आमचं बोलणं म्हणजे ‘नळ आला का’ आणि ‘नळ गेला का’ एवढंच.

मी नवऱ्याला चाळीसगावच्या वाचनालयातून पुस्तकं आणायला सांगितलं. काय आणायचं तेही सांगितलं, प्रवासवर्णन, निसर्ग, चरित्र, असलं काहीतरी. पहिल्याच शनिवारी तो पिशवीभर घेऊन आला. त्यात मधमाश्यांवरचं एक पुस्तक होतं आणि बाकी सगळ्या रहस्यकथा.

“अहो, हे काय आणलंत?”

“गाडीची वेळ झाली होती. ग्रंथपाल म्हणाले, आजारी माणसाला हेच देतात.”

“मी आजारी नाही. पाय मोडलाय.”

“मग पायाने वाचायचं नाही ना?” असं म्हणून तो आंघोळीला गेला.

मधमाश्यांचं पुस्तक मी पुरवून पुरवून वाचलं, तरी संपलं. मग दुसरं काही नव्हतं म्हणून रहस्यकथा उघडली. थंड हवेच्या गावी एक बंगला, त्यात पाहुणे, त्यांच्यातला एक सकाळी उठतच नाही. दुपारी सुरू केलेलं पुस्तक मी संध्याकाळी संपवलं आणि लगेच दुसरं घेतलं. यात मला काही फार वाटलं असं नाही. एवढंच लक्षात आलं की तेवढा वेळ प्लॅस्टरच्या आतली खाज जाणवली नव्हती.

आमच्याकडे कूलर होता. त्या घरात तो एकच. मे महिन्यात धुळ्याला दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. भाभी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला यायच्या आणि गच्चीचा रस्ता माझ्या दारावरून जायचा. एके दिवशी मिरच्या परतून जाताना त्या दारात थांबल्या.

“बाई, जरा बैठूं क्या? बाहर तो भट्टी है.”

“बसा ना,” मी म्हणाले.

त्यांनी न सांगता आधी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि मग भिंतीला टेकून बसल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. मग ते रोजचंच झालं. त्यांची हिंदी धुळ्याची होती, म्हणजे अर्धी मराठी. माझी हिंदी शाळेतली, म्हणजे पाठ केलेली. काही दिवस आम्ही भाजीचे भाव आणि मुलींची सासरं यांवर काढले. मग एकदा त्यांनी माझ्या उशाशी पडलेलं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर सुरी होती आणि तिच्यातून निळं काहीतरी ठिबकत होतं.

“ये जासूसी है ना?” त्यांनी विचारलं.

मी जरा संकोचले. शिक्षिकेच्या उशाशी ते पुस्तक शोभत नव्हतं. पण भाभींचा चेहरा खुलला होता. त्यांनी लहानपणी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिक्षण घेतलं होतं आणि तेव्हापासून त्यांना जासूसी कथांचा नाद होता. त्यांच्या धाकट्या भावाचं आग्रा रोडला रद्दीचं दुकान होतं. रद्दीत आलेली उर्दू मासिकं तो बहिणीसाठी बाजूला काढून ठेवायचा आणि शुक्रवारी नमाज झाल्यावर आणून द्यायचा. भाभींच्या पलंगाखाली अशा मासिकांची थप्पी होती. त्यांना मराठी बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. मला उर्दू कुठून सुरू होतं एवढंच माहीत होतं, उजवीकडून.

“एक तुम सुनाओ, एक मैं सुनाती,” भाभी म्हणाल्या.

तिथून ते सुरू झालं. मी बंगल्यातल्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली. मला गोष्ट सांगायची सवय नव्हती, मी धडा शिकवल्यासारखी सांगत होते. आधी बंगल्याचं स्थान, मग खोल्या, मग माणसं. भाभी मधेच थांबवायच्या. मेलेल्या पाहुण्याला बायको होती का? मुलं होती का? गावी कुणी कळवलं का? मी म्हणायची, पुस्तकात ते नाही. त्यांना हे पटायचं नाही.

“आदमी मर गया और उसकी मां को किसीने बताया भी नहीं?”

“मां जिवंत आहे की नाही तेही दिलेलं नाही, भाभी.”

“हां, मगर होगी तो सही. हर एक की मां होती है.”

पुढे मी पुष्कळ रहस्यकथा वाचल्या आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं मला दिसत गेलं. घरगुती रहस्यकथेत मेलेल्या माणसासाठी कुणी रडत नाही. तो मेला की सगळे कामाला लागतात. मला स्वतःला ते सोयीचं वाटतं. रडणारी माणसं असती तर कोडं कुणी सोडवलं असतं? पण भाभींना ती मोठी उणीव वाटायची.

त्यांची सांगण्याची रीत वेगळी होती. मांडीवर मासिक उघडं ठेवायच्या, ओळीखालून बोट फिरवायच्या, एक वाक्य उर्दूत वाचायच्या आणि तेच मला त्यांच्या हिंदीत सांगायच्या. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट एका अत्तरवाल्याची होती. हैदराबादेत त्याचं दुकान. एका सकाळी दुकान आतून बंद आणि अत्तरवाला गादीवर मेलेला. दुकानात पोटभाडेकरू डॉक्टर, एक नोकर, आणि घरी धाकटा भाऊ. तीन दुपारी ती गोष्ट चालली. शेवटाजवळ आल्यावर भाभींनी मासिक मिटून बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि तोंडीच पुढचं सांगितलं. अत्तरवाल्याचा चाळिसावा, म्हणजे मेल्यानंतरचा चाळिसावा दिवस होता. सगळे नातेवाईक जमले होते. पुलावाची मोठी देग चढली होती. म्हातारी आई सगळ्यांना वाढायला निघाली आणि धाकट्या मुलासमोर येऊन म्हणाली, आज तुझ्या भावाच्या वाटचाही तूच खा. तसा तो तिच्या पायांवर कोसळला. ‘अम्मी, मैंने मारा.’ मग भाभींनी त्या आईचं रडणं सांगितलं, भावाचं रडणं सांगितलं, आणि शेवटी पोलीसही डोळे पुसत त्याला घेऊन गेले.

“आणि दुकान आतून बंद कसं होतं?” मी विचारलं.

भाभींनी माझ्या दाराच्या कडीकडे बोट केलं. “कुंडी ढीली थी,” त्या म्हणाल्या.

आमचे आवाज ऐकून अक्काही वर यायला लागल्या. त्या गोष्टीसाठी येतात हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. कूलरमुळे भिंतीला ओल येते का ते बघायला आले, असं म्हणायच्या आणि पानाचा डबा उघडून बसायच्या. सहावं माणूस गोष्टीत आलं की त्यांचा गोंधळ उडायचा. मग त्या सगळ्यांवरच संशय घ्यायच्या.

“बठ्ठा चोर शेतस हाई घरमा!” असा त्यांचा निकाल असायचा, आणि शेवटी कुणीही सापडलं तरी, “माले पहिलेच माहीत व्हतं,” म्हणून त्या खाली जायच्या.

रहस्यकथा संपत आल्या तेव्हा मी मधमाश्यांचं पुस्तक काढलं. ते वाचनालयाला परत करायचं राहून गेलं होतं. भाभींना वाटलं, यातही कुणीतरी मरणार. मी सांगितलं, हे खरं आहे, यात कुणी खुनी नाही. राणीमाशी, कामकरी माश्या, पोळ्यात हवा खेळती राहावी म्हणून पंख हलवत उभ्या राहणाऱ्या माश्या, फूल कुठे आहे ते एकमेकींना नाचून सांगणं, हे सगळं मी सांगितलं. आणि पावसाळ्यानंतर नरांना पोळ्यातून बाहेर काढतात तेही.

“घर के बाहर? मारके?” भाभींनी विचारलं.

“हाकलून देतात. मग ते बाहेर मरतात.”

“मंग हाऊच खून ना!” अक्का म्हणाल्या.

दोघींना ते पुस्तक माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आवडलं. भाभींनी एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा विचारून घेतली, हे कुणी बघितलं, कसं बघितलं, पोळ्याच्या आत माणूस कसा डोकावला. काचेच्या भिंतीची पेटी करतात, असं सांगितल्यावर त्या बराच वेळ त्याच विचारात होत्या. तेव्हापासून त्या पुस्तकांना खरी आणि खोटी म्हणायला लागल्या. ‘आज सच्ची सुनाओ,’ किंवा ‘आज झूठी.’ मला मात्र खोट्यांची चटक लागली होती. नवऱ्याला आता मीच सांगून रहस्यकथा आणायला लावत होते. तो म्हणाला, ग्रंथपाल विचारत होते, तुमचं पेशंट अजून उठलं नाही का.

भाभींच्या गोष्टींत एक गोष्ट मला दिसत होती. सुरुवात आणि मधला भाग त्या वाचून सांगायच्या, तेव्हा त्यात वकील असायचे, तारखा, गाड्यांच्या वेळा, बंदुकीचे परवाने असायचे. शेवट मात्र दरवेळी मासिक मिटून सांगायच्या. त्या शेवटांत कधी पोलिसांनी लावलेला शोध नसायचा. जेवणाची पंगत असायची, कुणाची तरी आई, नाहीतर बहीण असायची, आणि गुन्हेगार आपणहून कबूल व्हायचा. फाशी कधीच नसायची. एक जण तर हजला निघून गेला. हे सगळं दिसत असूनही मी त्यावरून काही ताडलं नाही. रोज दोन-दोन गुप्तहेरांच्या संगतीत होते, तरीही. मला वाटलं, उर्दूत शेवट असेच करत असतील.

मे संपता संपता एका शुक्रवारी भाभींचा भाऊ मासिकं द्यायला आला. खाली दाराला कुलूप दिसलं म्हणून तो जिना चढून वर आला. चाळिशीचा, हसरा माणूस, पांढऱ्या टोपीवर घामाचा डाग. दारातच उभा राहिला. भाभी एका जमीनदारणीची गोष्ट सांगत होत्या. तिच्यावर विषप्रयोग झाला होता आणि संशय मुनीमवर होता. मासिक मिटलेलं होतं. मुनीमच्या मुलीच्या लग्नाची वरात दारात आली होती आणि मुनीम हातातलं ताट खाली ठेवून आता बोलणार, एवढ्यात भाऊ म्हणाला, “आपा, ये कौनसी? वो जहरवाली? वो तो अधूरी थी ना!”

भाभी थांबल्या.

“अधूरी म्हणजे?” मी विचारलं.

“वो किस्तों में आती है ना बाई, हर महीने थोड़ी थोड़ी. रद्दी में एक अंक आता, अगला नहीं आता. मैंने बोला था इनको, ढूंढ के देखता, पर रद्दी का क्या भरोसा? जो आया सो आया.” त्याच्या आवाजात काहीच लपवालपवी नव्हती. त्याने मासिकांची चळत दाराशी ठेवली, माझ्या पायाची चौकशी केली आणि निघून गेला.

भाभींनी मासिक उचललं.

“भाभी, मग मुनीम काय म्हणाला?” अक्कांनी विचारलं. भाऊ काय बोलला ते त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं कोण जाणे.

“मिरच्या उचलायच्या राहिल्या,” भाभी मराठीत म्हणाल्या आणि गच्चीवर गेल्या. त्यानंतर त्या खाली उतरल्या त्या माझ्या दाराकडे न बघता.

पुढचे काही दिवस त्या आल्या नाहीत. मिरच्याही वाळवून झाल्या होत्या, त्यामुळे यायला निमित्तही नव्हतं. मला त्यांचा राग आला नव्हता. फसवलं गेल्याचं दुःख वगैरेही नव्हतं. उलट मी पडल्या पडल्या त्यांनी सांगितलेल्या एकेका गोष्टीचा हिशेब लावत बसले. कुंडी ढिली होती, ती म्हणूनच. हजला गेला तोही म्हणूनच. वाचलेल्या गोष्टी आणि रचलेल्या गोष्टी यांचा सांधा आता मला स्पष्ट दिसत होता. एक मात्र मनात आलं, की जे मला आठवत होतं ते सगळं सांध्याच्या अलीकडचं नव्हतं, पलीकडचं होतं. गाड्यांच्या वेळा मी विसरले होते. म्हातारी आई पुलाव वाढतेय, हे मात्र तोंडपाठ होतं.

शेवटी मीच अक्कांकडे निरोप दिला, कूलरमध्ये पाणी ओतायला कुणी नाही. ते खोटंच होतं, नवरा सकाळी जाताना भरून जायचा. भाभी बादली घेऊन आल्या. पाणी ओतलं. कूलर आधीच काठोकाठ होता, पाणी फरशीवर आलं.

“भरा तो है,” त्या म्हणाल्या.

“बसा भाभी.”

त्या बसल्या. फडक्याने फरशी पुसली आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “बाई, मैंने झूठ नहीं बोला. गोष्ट अधुरी सोडायची तर रात को नींद नहीं आती. शादी से पहले से ऐसेच करती हूं. अगला पर्चा आता नहीं, तो मैं खुद पूरी करती. अपने लिए. किसीको सुनाई नहीं कभी, तुमकोच पहली बार सुनाई.”

“तुम्ही मला सांगायचं होतं ना, शेवट तुमचा आहे म्हणून.”

“फिर तुम सुनती क्या?”

प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुधा ऐकलं नसतं. मी त्यांना तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, “मुनीमचं काय झालं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतेय का ते बघायला. मग सांगितलं. मुनीमने विष घातलं नव्हतं. जमीनदारणीने ते स्वतःच घेतलं होतं, आणि मुनीमला ते ठाऊक असूनही तिची अब्रू जाऊ नये म्हणून तो गप्प बसला होता. मुलीच्या वरातीपुढे त्याला बोलावं लागलं. मी विचारलं, मग छापलेल्या भागात दुधाच्या पेल्यावर नोकराच्या बोटांचे ठसे होते ते कसे. भाभी म्हणाल्या, वो लिखनेवाले को मालूम. यावर आम्ही दोघी हसलो.

त्या दिवसानंतर आमची पद्धत बदलली. भाभी मासिक जिथे थांबेल तिथे थांबायच्या आणि सरळ सांगायच्या, ‘यहां तक छपा है.’ मग तिघी मिळून पुढचं लावायचो. मी पुराव्यांच्या मागे असायची. दार, खिडकी, कुंडी, वेळ. भाभी माणसांच्या मागे. अक्का ज्याच्या नावावर शेतजमीन जास्त त्याच्यावर आरोप ठेवायच्या. आमचे शेवट काही फार चांगले व्हायचे नाहीत. तिघींचं एकमत क्वचितच झालं. मी एकदा एका मराठी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण न सांगता भाभींना शेवट करायला लावला. त्यांनी केलेला शेवट पुस्तकातल्या शेवटाच्या जवळपासही नव्हता आणि पुस्तकातला जास्त हुशार होता, हे मान्य करावं लागेल. भाभींनीही केलं. फक्त म्हणाल्या, “होशियार है. मगर इसमें कोई पछताया नहीं.”

प्लॅस्टर निघालं, शाळा सुरू झाली. दुपारी मी घरी नसायची. रविवारी भाभी येऊन बसायच्या, पण रविवारी मुलगी घरी, नवरा घरी, धुण्याची बादली मधे. गोष्टी कमी होत गेल्या. असं का झालं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं कारण नाही. पाय बरा झाला, एवढंच. पुढे दोन-तीन वर्षांत नवऱ्याची बदली जळगावला झाली, मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही धुळं सोडलं.

मागच्या वर्षी जळगाव स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मला हिंदीतली एक जुनी कादंबरी दिसली. उर्दूवरून केलेली. पहिलंच पान उघडलं तर हैदराबादचा अत्तरवाला. घरी येऊन मी ती सलग वाचली. खून भावाने केला नव्हता, पोटभाडेकरू डॉक्टरने केला होता. दार आतून कसं बंद झालं त्याचा खुलासा चांगला चार पानांचा आणि बिनतोड होता. आई होती, पण ती दुसऱ्या प्रकरणात एकदाच येते आणि फक्त दार उघडते. कादंबरी चांगली आहे. कुणी मागितली तर मी वाचायला देईन.

त्याच सुमाराला भाभींच्या सुरतेच्या मुलाच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण आलं. लग्न धुळ्यातच होतं. मी पर्समध्ये ती कादंबरी टाकून गेले. भाभी थकलेल्या दिसल्या, पण आवाज तोच. पाहुण्यांच्या गर्दीतून त्यांनी मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि पलंगावर बसवलं. पलंगाखाली आता मासिकं नव्हती, ट्रंका होत्या. भावाने रद्दीचं दुकान बंद करून प्लास्टिकच्या बादल्या-टोपल्यांचं सुरू केलं होतं. भाभी आता दुपारी टीव्ही बघायच्या.

मी त्यांना खरा शेवट सांगितला. डॉक्टर, विष, दाराचा खुलासा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“डॉक्टर?” त्या म्हणाल्या. “उसका क्या रिश्ता था?”

“रिश्ता काही नाही. त्याला दुकानाची जागा हवी होती.”

“जागा के लिए,” त्यांनी मान हलवली. “हां, होता है. अब तो रोज होता है.” मग बाहेरून कुणीतरी हाक मारली, भाजीत मीठ चाखायला, आणि त्या उठल्या. जाता जाता म्हणाल्या, “बाई, सच बोलूं? वो गोष्ट मेरेको अब याद भी नहीं.”

मला क्षणभर काहीतरी लागलं. मग वाटलं, न लागण्यासारखं काय आहे, आणि लागण्यासारखं तरी काय. त्यांना तेव्हा रात्री झोप यावी म्हणून त्या गोष्टी होत्या. झोप आली, काम झालं.

त्या मला पोचवायला दारापर्यंत आल्या. हातात जर्दा पुलावाचा, म्हणजे गोड केशरी भाताचा डबा दिला आणि म्हणाल्या, डबा परत करायच्या निमित्ताने तरी या. संध्याकाळची जळगाव गाडी मिळाली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून चहा घेतला. शेजारच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनाही एक कप दिला. चहा पिता पिता त्यांनी मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, “धुळ्याले कोन शे तुमचं?”

“भाभी आहेत आमच्या,” मी म्हणाले.